पुराणपटाच्या शेजारचे हसू : फाळके यांचे विनोदी मूक लघुपट आणि ‘फार्स’ची परंपरा

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडले तरी पहिल्या प्रकरणातील घटनाक्रम बहुधा ठरलेला असतो. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झालेला ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ, सावेदादांनी 1899 मध्ये चित्रित केलेली कुस्ती, 18 मे 1912 रोजी प्रदर्शित झालेला दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ आणि 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये रसिकांसमोर आलेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. त्यापुढे ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ अशी पुराणपटांची मालिका येते. या मालिकेत ‘पिठाचे पंजे’ हे नाव क्वचितच आढळते. आढळले तर एखाद्या वाक्याच्या शेवटी, ‘याखेरीज’ या शब्दानंतर.

प्रस्तुत निबंध या ‘याखेरीज’ शब्दामागे गेलेल्या चित्रांविषयी आहे. फाळके यांनी विनोदी, गमतीचे आणि चमत्कृतिपूर्ण असे अनेक लघुपट तयार केले. त्यांना पुराणपटांची पुरवणी मानण्याचा प्रघात पडला आहे. तथापि त्या काळातील एका संध्याकाळचा संपूर्ण कार्यक्रम डोळ्यांसमोर आणला तर हे लघुपट त्या कार्यक्रमाचा आवश्यक भाग होते आणि त्यांची जागा परदेशी अनुकरणातून नव्हे, तर मराठी रंगभूमीच्या जुन्या सवयीतून सिद्ध झालेली होती, असे दिसून येते.

हा विषय गडचिरोलीसारख्या वनव्याप्त जिल्ह्यात बसून का हाती घ्यावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, गंभीर कथानक आणि त्याच्या शेजारी मोकळेपणाने वावरणारा विनोद ही रचना चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत आजही रात्र-रात्र पाहावयास मिळते. जी गोष्ट मुंबईच्या इतिहासात जुनी जाहिरात वाचून ताडावी लागते, ती येथे धानकापणी आटोपली की गावोगावच्या मांडवात प्रत्यक्ष समोर येते.

एका संध्याकाळचा हिशेब

‘राजा हरिश्चंद्र’च्या जाहिरातीत केवळ चित्रपटाचे नाव नव्हते. आयरीन डेल्मार या बाईंचे नृत्य-गायन, मॅक्‌क्लेमेंट्स यांचा रंगमंचीय प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू आणि ‘टिप-टॉप कॉमिक्स’ असा सगळा सरंजाम त्याच कार्यक्रमात होता. तोरणे यांच्या ‘पुंडलिक’लाही एका परदेशी चित्राची जोड देण्यात आली होती. आजच्या वाचकाला हे विसंगत वाटते. सत्यासाठी राज्य, पत्नी व पुत्र यांचा त्याग करणाऱ्या राजाच्या शेजारी पायांनी वस्तू फिरविणारा गोरा कसरतपटू!

या विसंगतीचा उलगडा साध्या अंकगणिताने होतो. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे 3,700 फूट होती. 35 मिलिमीटर फितीच्या एका फुटात 16 चित्रे बसतात आणि मूकपटाच्या काळात सेकंदाला सुमारे 16 चित्रे हा वेग रूढ होता. म्हणजे एका सेकंदाला एक फूट. या हिशेबाने संपूर्ण चित्रपट तासाभरात संपत असे. सुरतेच्या मुक्कामी पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये उत्पन्न झाले, ही आठवण चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला तीन आण्यांत दीड तासाचा खेळ महाग वाटला. तेव्हा फाळके यांनी 57,000 छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, तेही फक्त तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात केली आणि उत्पन्न तीनशे रुपयांपर्यंत वाढले. गंमत अशी की, 3,700 फुटांना 16 ने गुणले असता 59,200 येतात. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ खरा होता. परंतु दोन मैल म्हणजे 10,560 फूट. तो आकडा जवळपास तिपटीने फुगविलेला होता. एका अर्थी फाळके यांच्या विनोदबुद्धीचा हाही एक नमुनाच म्हणावा लागेल.

प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. रात्रभराच्या नाटकाची, कीर्तनाची, तमाशाची सवय असलेल्या समाजापुढे तासाभराची करमणूक ठेवावयाची तर ती ‘भरलेली’ वाटली पाहिजे, ही व्यावसायिक निकड होती. फाळके यांनी ती ओळखली आणि भरण्यासाठी लागणारा माल स्वतःच तयार करावयास आरंभ केला. ‘मोहिनी भस्मासुर’ हा त्यांचा दुसरा पुराणपट सुमारे 3,245 फुटांचा, म्हणजे तासापेक्षाही कमी वेळाचा होता. दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांच्या भूमिकांमुळे तो स्त्री-अभिनेत्रींचा पहिला भारतीय चित्रपट म्हणून गाजला आणि ते योग्यच झाले. त्याच्याच जोडीने, 1914 च्या जानेवारीत, ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट दाखविण्यात आला. परकी नर्तिका व परका कसरतपटू यांची जागा आता घरच्या विनोदाने घेतली होती. फाळके यांच्या स्वदेशीविषयी लिहिताना अभ्यासक पुराणकथांचा दाखला देतात. ‘टिप-टॉप कॉमिक्स’च्या जागी ‘पिठाचे पंजे’ येणे हीदेखील तितकीच स्वदेशी होती, याकडे मात्र लक्ष गेलेले नाही.

‘फार्स’ची जागा

पुराणानंतर हसू, हा क्रम फाळके यांनी शोधून काढलेला नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून पौराणिक नाटकाच्या आरंभी सूत्रधाराबरोबर विदूषक असेच. त्याचे बोलणे लिहिलेले नसे. ते जागच्या जागी सुचत असे. राक्षसांच्या आरडाओरड्यामुळे ज्यांना ‘अललडुर्र’ नाटके असे गमतीचे नाव पडले, त्या खेळांतही भीती व हसू एकमेकांना लागूनच होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्य नाटकास जोडून छोटा ‘फार्स’ करण्याची पद्धत नाटक मंडळ्यांनी रूढ केली. पौराणिक खेळातील देवदेवतांच्या दर्शनानंतर भटजी, सावकार, नवशिक्षित तरुण, कजाग सासू अशी ओळखीची माणसे रंगमंचावर येत आणि प्रेक्षक हसत घरी जात. नाटकाच्या जाहिरातीत फार्सचे नाव असणे हे त्या काळी तिकीटविक्रीस उपकारक ठरत असे.

‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘पिठाचे पंजे’ ही जोडी या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे ती नवी वाटत नाही. पौराणिक नाटक व फार्स यांचेच ते फितीवर उतरलेले रूप आहे. फाळके यांच्या आणखी एका लघुपटाचे नाव ‘धांदल भटजीचे गंगास्नान’ असे आहे. धांदरट भटजी हे फार्समधील हुकमी पात्र. हे नाव वाचून तत्कालीन मराठी प्रेक्षकाला काय पाहावयास मिळणार हे सांगण्याची गरज नव्हती.

या ठिकाणी एका रूढ समजुतीचा विचार करणे आवश्यक आहे. मूक विनोदपट म्हटले की चार्ली चॅप्लिन हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट आहे की, भारतीय विनोदी चित्रांना त्याच्या अनुकरणाच्या खाती जमा केले जाते. पुढच्या काळाविषयी ते बऱ्याच अंशी खरे असेल. परंतु चॅप्लिनचे पहिले चित्र अमेरिकेत 2 फेब्रुवारी 1914 रोजी प्रदर्शित झाले आणि त्याचा प्रसिद्ध भटक्या पडद्यावर आला तो त्यानंतर पाच दिवसांनी. ‘पिठाचे पंजे’ त्यापूर्वीच मुंबईच्या प्रेक्षकांनी पाहिलेला होता. फाळके यांच्यासमोर नमुने होते ते त्याआधीचे. ल्युमिए यांच्या 1895 च्या चित्रात खट्याळ मुलगा बागेतील पाण्याच्या नळीवर पाय देतो आणि माळी भिजतो. पडद्यावरील आंगिक विनोदाचा हा आरंभ मानला जातो. पुढे फ्रान्समध्ये पाते कंपनीने आंद्रे दीद व मॅक्स लिंडर यांची विनोदी चित्रे जगभर पाठविली. पाते कंपनीने 1907 च्या सुमारास भारतात आपला व्यवसाय सुरू केल्यामुळे असा माल मुंबईत सहज उपलब्ध होता. अमेरिकेतील मॅक सेनेट यांची कीस्टोन कंपनी तर 1912 मध्ये, म्हणजे फाळके कॅमेरा आणण्यासाठी लंडनला गेले त्याच वर्षी स्थापन झाली. परदेशी चित्रांनी फाळके यांना तंत्र दाखविले हे निर्विवाद. पण त्या तंत्राला बसावयास पाट मांडलेला होता तो फार्सने.

पीठ, आगकाड्या आणि प्रोफेसर केळफा

‘पिठाचे पंजे’ या नावातच त्या काळच्या चित्रणशास्त्राचा एक धागा आहे. कृष्णधवल फितीवर पांढऱ्या पिठाइतका उठून दिसणारा पदार्थ दुसरा नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी 1897 मध्येच पीठवाला गिरणीकामगार आणि काजळीने माखलेला धुराडे साफ करणारा यांची झुंज चित्रित केली होती. एक पांढरा होत जातो, दुसरा काळा, एवढाच तो विनोद. त्या काळच्या फितीला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, तो काळा उमटे. त्यामुळे रंगांची सूक्ष्म छटा दाखविण्यापेक्षा काळ्या-पांढऱ्याचा ठळक विरोध साधणे सोयीचे होते. आपल्याकडील लोककलावंत चेहऱ्याला सफेदा फासून मशालीच्या उजेडात उभा राहतो, त्यामागेही हेच व्यवहारज्ञान आहे. लांब बसलेल्या माणसाला चेहरा दिसला पाहिजे.

दुसरे असे की, आंगिक विनोदाला अक्षरओळख लागत नाही. 1911 च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे सहा होते. पुराणपटाच्या पाट्या प्रेक्षकांपैकी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी लागे किंवा खेळवाल्याने ठेवलेला माणूस प्रसंग समजावून सांगे. कथा आधीच ठाऊक असल्यामुळे पुराणपटाचे काम चालून जाई. विनोदी लघुपटाची कथा कोणालाच ठाऊक नसे. पण घसरून पडणाऱ्या माणसाला पाटी कशास हवी?

पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्ची फीत मिळणे दुर्मिळ झाले आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. याच सुमारास फाळके यांनी अनेक लघुपट केले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतील काड्यांची हालचाल एक-एक चित्र घेऊन दाखविली होती. ‘लक्ष्मीचा गालिचा’, ‘धूम्रपान लीला’ ही नावेही त्यांच्या लघुपटांच्या यादीत आढळतात. ‘प्रोफेसर केळफा’ यांचे जादूचे प्रयोगही त्यांनी चित्रित केले. केळफा म्हणजे फाळके हीच अक्षरे उलट्या क्रमाने. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके जादूचे खेळ शिकले होते व या नावाने ते करीतही असत. जादूगार, छायाचित्रकार, शिळाप्रेसचा जाणकार असा हा माणूस. कॅमेरा थांबवून वस्तू अदृश्य करणे, हे जे तंत्र पुराणपटात देवाच्या चमत्कारासाठी वापरले गेले, तेच लघुपटात गंमत म्हणून आले. चमत्कार आणि गंमत यांची यंत्रणा एकच होती. भक्तीने पाहिले तर हात जोडले जात, मौजेने पाहिले तर टाळ्या पडत.

काय उरले आणि का

फाळके यांच्यानंतर विनोदी मूकपटाचा प्रवाह इतरत्रही वाहू लागला. कलकत्त्यास धीरेंद्रनाथ गांगुली यांच्या ‘बिलेत फेरत’ (1921) या चित्राने विलायतेहून परतलेल्या बाबूंची थट्टा केली. कोल्हापुरात 1929 मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने 1930 मध्ये ‘राणीसाहेबा’ अथवा ‘बजरबट्टू’ हा बालप्रेक्षकांसाठीचा विनोदी मूकपट काढला. अमरावतीस 1913 मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या गिरणवस्तीत वाढलेले भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा, मूकपटाच्या अखेरच्या काळात विनोदी भूमिकेतूनच पडद्यावर आले. 1927-28 मध्ये दिवाण बहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. मध्य प्रांतासाठी ती नागपुरासही आली होती. त्या वेळी प्रदर्शित होणाऱ्या कथाचित्रांत भारतीय चित्रांचा वाटा शेकडा 15 च्या आसपास होता. उरलेली जागा परदेशी, मुख्यतः अमेरिकी चित्रांनी व्यापली होती आणि त्यांत विनोदी चित्रे मोठ्या संख्येने होती. फाळके यांनी 1914 मध्ये परक्यांकडून परत मिळविलेली फार्सची जागा अशा रीतीने पुन्हा परक्यांच्या हाती गेली.

भारतात मूकपटांच्या काळात सुमारे 1,300 चित्रपट तयार झाले. त्यांपैकी, तुकडे धरूनही, तीसच्या आसपास उरले आहेत. नायट्रेटची फीत अतिशय ज्वालाग्राही. शिवाय तिच्यातील चांदी काढून विकता येत असे, त्यामुळे खेळ संपलेले चित्र भंगारात घालणे हाच शहाणपणा मानला जाई. 1964 मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे मिळेल ते जमविले. फाळके यांच्या कुटुंबीयांकडूनही काही फिती मिळाल्या. जानेवारी 2003 मध्ये त्याच संग्रहालयातील नायट्रेट फितींना आग लागून जे नष्ट झाले त्याची हळहळ अभ्यासकांना आजही आहे.

जे उरले त्याची निवड मात्र केवळ आगीने किंवा भंगारवाल्याने केलेली नाही. घरात एक जुना डबा आहे. त्यावर देवाचे नाव आहे. दुसऱ्या डब्यावर भटजीच्या फजितीचे नाव आहे. कोणता डबा माळ्यावर जपून ठेवला जाईल? समाजाला जे आदरणीय वाटते ते तो जपतो, जे केवळ हसवते ते वापरून टाकून देतो. इतिहासकारांनीही हाच निकष लावला, ही खेदाची बाब आहे.

या विधानाला पुष्टी देणारे उदाहरण फाळके यांच्याच ‘कालियामर्दन’ (1919) मध्ये आहे. या चित्रपटाचा बराच भाग उपलब्ध आहे. आरंभी फाळके यांची कन्या मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर निरनिराळे भाव करून दाखविते. त्यानंतर तीच बाळकृष्ण होते. कालियाशी झुंज हा कथेचा कळस खरा, परंतु मधला मोठा भाग खोड्यांचा आहे. लोणीचोरी आहे, पाणी ओतणे आहे, आणि रात्री एका धनिकाच्या शयनगृहात शिरून बाळकृष्ण झोपलेल्या गृहस्थाची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांना बांधून ठेवतो. हे दृश्य नाव न सांगता दाखविले तर कोणीही त्यास फार्समधील प्रसंग म्हणेल. ‘पिठाचे पंजे’सारखे लघुपट स्वतंत्र हसू घेऊन आले आणि विस्मृतीत गेले. ‘कालियामर्दन’मधील हसू देवाच्या आश्रयाने आले आणि टिकले. फाळके यांच्या विनोदाचा अभ्यास करावयाचा तर आज याच चित्रपटापासून आरंभ करावा लागतो.

झाडीपट्टीतील प्रश्न

येथे आपण चंद्रपूर-गडचिरोलीकडे परत येतो. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने होणारी दंडार, वर्तुळात उभ्याने सादर होणारी खडीगंमत आणि वडसा (देसाईगंज) हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी या तिन्ही प्रकारांत विनोदाचे स्थान केंद्राजवळचे आहे. दिवसा शंकरपट, रात्री नाटक हा या भागातील हंगामाचा परिचित क्रम होय. नाटकाचे मुख्य कथानक बहुधा कौटुंबिक व करुण असते. त्याच्या मधोमध विनोदी पात्रांचे प्रवेश येतात, ते झाडीबोलीत बोलतात आणि समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन लांबतात वा आखडतात. प्रस्तुत लेखकाने एकच नाटक दोन गावांत पाहिले असता रडविणारे प्रवेश शब्दशः तेच होते. हसविणारे मात्र निम्म्याहून अधिक बदललेले होते. एका गावात धान खरेदीवर चाललेले बोलणे दुसऱ्या गावात जावयाच्या मोटारसायकलीवर आले होते.

या परंपरेतील नामवंत कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गडचिरोली जिल्ह्याला झालेला आनंद अजून ताजा आहे. हजारो प्रयोगांतून त्यांनी शेकडो भूमिका केल्या. विनोदी भूमिकांसाठी ते विशेष ओळखले जातात. परंतु त्या विनोदाचा फार थोडा भाग कागदावर आहे. नाटकाची संहिता छापली जाते, त्यावर प्रबंध होतात. विनोदी नटाने त्या रात्री काय केले हे संहितेत ‘विनोदी प्रवेश’ एवढ्या दोन शब्दांत उरते. फाळके यांच्या लघुपटांचे जे झाले तेच येथे निराळ्या मार्गाने होत आहे. तेथे फीत जळाली, येथे ती कधी चढविलीच गेली नाही.

आमच्या महाविद्यालयीन संशोधनाचा कलही संहितेकडेच झुकलेला आहे. विद्यार्थ्याला विषय सुचविताना आपण लेखकाचे नाव विचारतो. ज्याला लेखक नाही त्याला विषय मानत नाही. झाडीपट्टीचा विनोद नोंदवावयाचा असेल तर एकाच नाटकाचे निदान तीन-चार गावांतील प्रयोग ध्वनिचित्रित करावे लागतील, प्रेक्षकांचा आवाजही त्यात यावा लागेल, आणि नंतर त्या नटासमोर ते चित्रण लावून, ‘येथे आपण हे का बदलले?’ असे विचारावे लागेल. त्यासाठी कॅमेरा महाग असण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. अडचण दुसरीच आहे. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटे संपतो आणि हंगाम नेमका द्वितीय सत्राच्या तासिकांच्या दिवसांत येतो. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या प्रयोगांच्या तारखा दिवाळीपूर्वीच ठरू लागतात. त्या तारखा पाहून विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटी आखणे मराठी व इतिहास या दोन्ही विभागांना शक्य आहे.